स्पारिंग : मारामारी की तालीम?

आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आता आपल्या उंबऱ्याच्या आत आलाय. शब्द आहे ‘स्पारिंग’.

गेल्या मासिक बैठकीत एका काकूंनी हा विषय काढला. त्यांची मुलगी आठवीत आहे, शाळा सुटल्यावर कराटेच्या वर्गाला जाते. एक दिवस दंडावर निळा डाग घेऊन घरी आली. विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं आई, आज स्पारिंग होतं.” काकू मला म्हणाल्या, “ताई, स्पारिंग म्हणजे मारामारीच ना? मग पोरीला मार खायला पाठवायचं आणि वर महिन्याची फी पण आपणच भरायची?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एवढ्या एका निळ्या डागावरून मुलींचे वर्ग बंद होतात. “मुलीच्या जातीला कशाला हवंय हे” असं म्हणायला घरात कुणी ना कुणी टपलेलं असतंच.

तर स्पारिंग म्हणजे लढण्याचा सराव, पण समोर खरा माणूस उभा करून केलेला. कराटे असो की बॉक्सिंग, शिकणारी मुलगी आधी एकटीच हातपाय हलवायला शिकते. हवेत ठोसे मारते. मग टांगलेल्या पिशवीवर हात चालवते. पण पिशवी उलटून मारत नाही. ती बाजूला सरकत नाही, फसवत नाही, तिला रागही येत नाही. खरा माणूस हे सगळं करतो. म्हणून एका टप्प्यावर दोन मुलींना समोरासमोर उभं करतात आणि सांगतात, आता एकमेकींवर चालवा, पण हात राखून. हे हात राखून लढणं म्हणजे स्पारिंग. त्यात पंच नसतो, गुण मोजून कुणाला विजयी ठरवत नाहीत. संपल्यावर दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करतात आणि एकाच बाटलीतलं पाणी पितात. कराटेत याला ‘कुमिते’ म्हणतात, जुदोत ‘रंदोरी’, तायक्वांदोत ‘क्योरुगी’. नावं निराळी, काम तेच. फक्त कुमिते आणि क्योरुगी या नावांनी गुणांच्या खऱ्या स्पर्धाही होतात, तेवढं लक्षात ठेवा. मुलगी म्हणाली “उद्या कुमिते आहे”, तर सराव आहे की स्पर्धा, ते विचारून घ्या.

आपल्याकडे ही गोष्ट नवी आहे का? मुळीच नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना तर हे सांगायलाच नको. तालमीत पैलवान रोज पहाटे एकमेकांशी धरतात. तिथे वस्ताद असतो. तो लहान पोराला मोठ्या पैलवानाच्या अंगावर घालतो आणि मोठ्याला सांगतो, “खेळव त्याला.” खेळवायचं, म्हणजे आपटायचं नाही. मोठा पैलवान मुद्दाम थोडी जागा देतो, पोराला डाव टाकू देतो, चुकला की अलगद खाली घेतो. “याला जोड मिळत नाही” असं वस्ताद म्हणतो, तेव्हा त्याला शत्रू नको असतो. त्याला पोराच्या बरोबरीचा सराव करणारा हवा असतो. जत्रेतली निकाली कुस्ती वेगळी, तालमीतली रोजची लढत वेगळी. निकालीत एकाची पाठ लागते, ढोल वाजतो, फेटा बांधतात. तालमीतल्या लढतीचा निकाल कुणी विचारत नाही.

मर्दानी खेळातला फरी-गदगा तुम्ही शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिला असेल. फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. खऱ्या तलवारीनं सराव केला तर शिकणारा शिकायच्या आधीच जायचा. म्हणून तलवारीच्या जागी गदगा आला. स्पारिंगचा अर्थ एका वस्तूत दाखवायचा झाला, तर मी गदगाच दाखवीन.

आणि ‘तालीम’ हा शब्द बघा. पैलवानांची ती तालीम, आणि नाटक बसवतात तीही तालीमच. मूळ अरबी शब्द, अर्थ शिकवणं, शिक्षण. मराठीनं तो दोन्हीकडे वापरला. मला तर वाटतं, स्पारिंगला मराठीत याहून चांगला शब्द शोधायची गरजच नाही. कुणी विचारलं तर सांगा, समोर जोड घेऊन केलेली तालीम.

इंग्रजीत मात्र हा शब्द माणसांच्या आधी कोंबड्यांसाठी वापरत होते, ही गंमत सांगायलाच हवी. कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूला काट्यासारखी टोकदार नखी असते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे, काहींनी ओरबाडून पण घेतलंय. झुंजीचे कोंबडे पायानं असे सपासप वार करायचे, त्याला ‘स्पार’ म्हणायचे. कोंबडा तयार करताना त्या नखीवर कातड्याची टोपी चढवत, म्हणजे दोन कोंबडे भिडले तरी जखम होत नसे. पुढे अठराव्या शतकात हा शब्द बॉक्सिंगकडे गेला. आपल्या देशात कोंबड्यांची झुंज लावणं कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ही माहिती फक्त शब्दापुरतीच घ्या.

आता बॉक्सिंगमधलं स्पारिंग कसं चालतं ते बघू, कारण हा शब्द टीव्हीवर जास्त तिथूनच ऐकू येतो. बायकांच्या स्पर्धेत साधारण पावणेतीनशे ग्रॅमचा एकेक हातमोजा असतो. स्पारिंगला मोजा त्याहून जाड, चारशे-साडेचारशे ग्रॅमपर्यंतचा घेतात. जास्त भरीव मोजा म्हणजे समोरच्याला कमी लागतं. डोक्याला गादीचं टोप, दातांवर रबराचं कवच. शिकवणारा बाजूलाच उभा असतो आणि “थांब” म्हटलं की हात त्याच क्षणी खाली यावे लागतात. किती जोर लावायचा ते आधी ठरतं. मोठ्या सामन्याआधी तर सरावाचा जोडीदार मुद्दाम शोधून आणतात. समोरची खेळाडू उंच आणि डावखुरी असेल, तर उंच आणि डावखुरीच मुलगी सरावाला हवी.

असा जोडीदार म्हणजे कुणी दुय्यम माणूस असतो, असं समजू नका. अमेरिकेतले लॅरी होम्स हे महंमद अलींचे सरावाचे जोडीदार होते. पुढे 1980 साली त्यांनी खऱ्या सामन्यात अलींनाच हरवलं. समोर उभं राहून रोज मार झेलणारा माणूसही शिकतच असतो.

आपल्या मेरी कोमनं सहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. 2012 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच बायकांचं बॉक्सिंग आलं, त्यात तिला कांस्यपदक मिळालं. तेलंगणातल्या निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023, अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक विजेती झाली. हरियाणाच्या गीता आणि बबिता फोगाट बहिणींना तर गावात सरावाला मुलीच मिळेनात, म्हणून वडिलांनी मुलांबरोबर कुस्ती खेळायला लावलं. ‘दंगल’ सिनेमात ते तुम्ही पाहिलंय. आणि आपल्या महाराष्ट्रात महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती 2023 साली, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली. या मुलींचे सामने आपण टाळ्या वाजवत बघतो. पण त्या आधीच्या हजारो सरावाच्या लढती बंद दाराआड झाल्या, त्या कुणी बघितल्या नाहीत. निळे डाग तिथे पडले.

म्हणून त्या काकूंना मी सांगितलं, वर्ग बंद करू नका, पण एकदा स्वतः जाऊन बघून या. आईनं जाऊन बसायला काही हरकत नसते. तुमच्या मुलीसमोर साधारण तिच्याच वजनाची मुलगी आहे का, बघा. डोक्याचं टोप आणि दातांचं कवच आहे का, बघा. शिकवणारे तिथेच उभे असतात की मोबाईलवर बोलत बाहेर फिरतात, तेही बघा. मुलगी “बास” म्हणाली तर खरंच थांबतात का, हे तर सगळ्यात आधी बघा. दंडावर, मांडीवर एखादा डाग पडणारच. शेतात काम करताना आपल्याला काय कमी पडतात? पण डोक्याला फटका बसून मुलीला चक्कर आली, उलटी झाली, डोकं दुखायला लागलं, ती असंबद्ध बोलू लागली किंवा तिला फार गुंगी येऊ लागली, तर त्या दिवशी खेळ बंद करायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. “खेळाडूनं सहन करायचं असतं” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डॉक्टर बरं म्हणेपर्यंत पुन्हा सरावाला उभी करायची नाही.

मध्येच एक सांगते. याच्यासारखाच कानाला लागणारा दुसरा एक इंग्रजी शब्द आहे, ‘स्पेअरिंगली’. त्वचेच्या मलमांवर तो छापलेला असतो. त्याचा मारामारीशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ, हात आखडून, अगदी थोडं लावा. खाजेच्या मलमाची अर्धी ट्यूब एकदम चोपडणाऱ्या आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून सांगितलं.

आता शब्दांच्या लढाईकडे येते. स्पारिंग हा शब्द बोलण्यासाठीही वापरतात. दोन पुढारी सभेत एकमेकांना टोले मारतात, नवरा-बायको भाजीत मीठ किती यावर गमतीनं जुंपतात, ऑफिसातले दोघे प्रत्येक गोष्टीवर वाद घालतात आणि नंतर एकाच डब्यातलं खातात. हे सगळं स्पारिंग. मराठी बातमीत याला कधी ‘शाब्दिक चकमक’ लिहितात, कधी ‘टोलेबाजी’, कधी ‘खडाजंगी’. खडाजंगी मला चुकीचं वाटतं. खडाजंगीत माणसं खरीच भडकलेली असतात. ‘टोलेबाजी’ जवळचा शब्द आहे. पण सगळ्यात जवळची आहे ती आपली जुनी सवाल-जवाबाची रीत. कलगी-तुऱ्याचे दोन फड समोरासमोर बसायचे. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. थोर कोण, पुरुष की प्रकृती, यावर रात्रभर एकमेकांना कोडी घालायचे. कोकणात शक्ती-तुरा अजून रंगतो. पहाटेपर्यंत एकमेकांना गाण्यातून निरुत्तर करायचं आणि उजाडलं की एकत्र चहा. आणि विहिणींची गाणी विसरलात का? वरमाईला भर मांडवात गाण्यातून चिमटे काढायचे आणि तिनं हसत ते झेलायचे. आपल्या आज्यांना हे सगळं येत होतं, फक्त नाव इंग्रजी नव्हतं.

हे सगळं मी बचत गटाच्या रेडिओवर का सांगते आहे? कारण आपल्याला बोलायची तालीम कुणी देत नाही. घरी बोललं तर “उलटून बोलते”, गटात हिशेब विचारला तर “भांडखोर आहे”, ग्रामसभेत उभी राहिली तर “हिला कुणी पढवून पाठवलंय”. आणि मग एकदम एक दिवस आपल्याला बँकेत साहेबासमोर उभं करतात. पिशवीवर एक ठोसा मारलेला नाही, आणि थेट निकाली कुस्ती!

आमच्या भागातल्या एका गटानं यावर तोड काढली. कर्जाचा प्रस्ताव घेऊन बँकेत जायचं होतं. त्याआधीच्या बैठकीत त्यांनी सतरंजीवर बँक मांडली. साहेब कोण होणार? कुणी तयार होईना. शेवटी साठीच्या एक आक्का पुढे सरसावल्या, चष्मा नाकावर घेतला आणि इतक्या कडक साहेब झाल्या की सगळ्या गार. “उद्या या.” “नवरा कुठाय? त्याची सही आणा.” “तारण काय देणार?” “सगळ्या बायकांची कागदपत्रं आणल्याशिवाय खातं चालणार नाही.” अध्यक्षा पहिल्या वेळी दोन वाक्यांत गप्प झाल्या. दुसऱ्या वेळी रडकुंडीला आल्या. मग सगळ्यांनी मिळून उत्तरं शोधली. अभियानाच्या गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. गटाचं बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं पुरतात, प्रत्येक सभासदाची लागत नाहीत. असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. तिसऱ्या, चौथ्या वेळी अध्यक्षांचा आवाज वर आला. पाचव्या वेळी आक्कांना उत्तर सुचेना, तेव्हा त्या म्हणाल्या, “जा, दिलं कर्ज.”

खऱ्या बँकेत काय झालं? खऱ्या साहेबांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, मागच्या वर्षी तीन महिने अंतर्गत कर्जाची वसुली कमी का झाली? हा प्रश्न आक्कांनी घातलाच नव्हता. पण अध्यक्षा घाबरल्या नाहीत. “थांबा साहेब, वहीत बघून सांगते,” म्हणाल्या. शांतपणे पानं उलटली आणि सांगितलं, त्या वर्षी पाऊस गेला, सोयाबीन गेलं, पण दिवाळीनंतर सगळ्यांनी भरलं, ही बघा नोंद. स्पारिंगमध्ये जो डाव शिकतो तोच सामन्यात येईल असं नसतं. पण अंगावर कुणी धावून आलं की डोळे मिटायचे नाहीत, एवढं त्यातून नक्की येतं.

अशी तालीम घेताना दोन गोष्टी सांभाळा. साहेब झालेल्या बाईनं प्रस्तावावर बोलायचं, बाईवर नाही. “तुझ्या नवऱ्याला दारू सुटत नाही, तू काय कर्ज फेडणार” हा ठोसा तालमीत बसत नाही, तो कमरेखालचा आहे. आणि पाच मिनिटं झाली की थांबायचं, जागा बदलायच्या. आज जी साहेब, ती उद्या अर्जदार. एकीनंच कायम झेलायचं आणि एकीनंच कायम टोचायचं, याला तालीम म्हणत नाहीत.

इथून मला एका अवघड गोष्टीवर यायचं आहे. घरात हात उचलणारा माणूसही कधीकधी म्हणतो, “अगं मस्करी केली.” “एवढंसं तर लागलं.” आपल्यातल्या काही जणी बाहेर तेच सांगतात, “आमचं असंच चालतं, गमतीगमतीत.” तेव्हा हा शब्द कामाला येतो. विचारून बघा, या खेळाला तू हो म्हणाली होतीस का? तुला उलट हात चालवायची मुभा आहे का? तू “बास” म्हटलंस तर तो थांबतो का? संपल्यावर तुला भीती वाटते की हसू येतं? ज्याला “नको” म्हणता येत नाही, त्याच्याबरोबर स्पारिंग होत नसतं. तो मार असतो. मोठा भाऊ लहान बहिणीवर कराटेचे हात चालवून बघतो आणि “प्रॅक्टिस करतोय” म्हणतो, तिथेही हेच प्रश्न लावा. आणि शब्दांनाही लावा. चारचौघांत रोज बायकोच्या माहेरावरून टोमणे मारणं आणि ती गप्प बसली की “विनोद कळत नाही हिला” म्हणणं, ही काही जुगलबंदी नाही. 2005 सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण येते, तसे अपमानाचे बोलही येतात आणि खर्चाला पैसे न देणंही येतं. 181 हा बायकांच्या मदतीचा फोन नंबर आहे. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आहेत ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. असं विचारायला येणारी बाई बहुतेक वेळा “माझ्या मैत्रिणीचं असं आहे” म्हणूनच सुरुवात करते. तिला खोदून विचारू नका, नंबर द्या.

शेवटी एक जागा दाखवते, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष नसतं. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं महाराष्ट्राच्या कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर होते, घरोघरी सह्यांचं रजिस्टर फिरतं. सही करायच्या आधी विचारा, सभा कधी, कुठे? ती खरी भरली की आपल्याला आयती तालीम मिळते. नळाला पाणी का नाही, रस्त्याचा दिवा कधी लागणार, हे ग्रामसभेत सगळ्यांपुढे विचारण्याआधी आपसांत विचारून बघायचं. एकीनं सरपंच व्हायचं, एकीनं ग्रामसेवक. दोघींनी जमेल तितकी टोलवाटोलवी करायची. आमच्या गावात या वेळी ग्रामसेवक कुणी व्हायचं यावरूनच चढाओढ आहे, आणि बँकेच्या साहेब झालेल्या त्या आक्का म्हणतात, “मला सोडून दुसऱ्या कुणाला जमणार नाही.” रेडिओ ऐकणाऱ्या गटांनी आपापल्या गावची महिला सभेची तारीख ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि त्याच्या आदल्या दुपारी तासभर सतरंजी टाका.